आपल्याकडे कॅन्सर वाढला आहे का?

गेल्या उन्हाळ्यात भूम तालुक्यातील आमच्या गावी चुलत वहिनींच्या दहाव्याला गेले होते. वहिनींना स्तनाचा कॅन्सर झाला होता. बार्शीला निदान झाले, तेथेच उपचार सुरू झाले आणि दीड वर्षात त्या गेल्या. विधी आटोपून माणसे पांगल्यावर थोरले चुलतभाऊ, ज्यांना आम्ही सगळी भावंडे आबा म्हणतो, ओसरीत माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "बाई, तू कॉलेजात हेच शिकवतीस ना? मग सांग, आपल्याकडं कॅन्सर एवढा कशामुळं वाढलाय? घरटी एक माणूस जायलंय."

मी वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते. कोणत्या लोकसमूहात कोणता आजार किती वेळा होतो हे मोजायचे कसे, हाच माझा रोजचा विषय आहे. तरीही आबांच्या प्रश्नाला त्या वेळी मला चटकन उत्तर देता आले नाही. त्यांच्या प्रश्नात 'कशामुळे' हा शब्द होता आणि त्याआधी 'वाढला का' हे ठरायला हवे होते. तेही ठरवायचे तर 'किती आहे' हे आधी कळायला हवे. वहिनींच्या फोटोला हार घातलेला असताना एवढी लांबण लावणे बरे दिसले नसते. मी फक्त एवढेच विचारले, की घरटी म्हणजे कोणकोण ते सांगा.

आबांनी बोटांवर सात नावे मोजली. त्या सात नावांवर आम्ही दोघे तासभर बोललो, आणि वर्गात दोन आठवड्यांत मी जे शिकवते ते सगळे त्या तासाभरात आले. सातांपैकी एक आमच्या गावची लेक होती, परंतु लग्न होऊन तीस वर्षांपूर्वी करमाळ्याला गेलेली; आजारी पडली ती तिकडेच. एक गृहस्थ वीस वर्षांपासून पिंपरीत कारखान्यात नोकरीला होते आणि अखेरच्या दिवसांत गावी आले होते. एकाच्या पोटातील गाठ क्षयाची निघाली होती आणि औषधांनी ती बरीही झाली होती. गावाने मात्र पहिल्या दिवशी जे नाव ऐकले तेच धरून ठेवले होते. एका आजींचे स्तनाचे ऑपरेशन चौदा वर्षांपूर्वी झाले होते आणि त्या त्या दिवशी दहाव्याला आलेल्या होत्या. उरली तीन माणसे: वहिनी, तोंडाच्या कॅन्सरने गेलेला एक पन्नाशीचा शेतकरी आणि गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झालेली एक बाई. ही तिघे गेल्या पाच वर्षांतील.

गावाची वस्ती साधारण दोन हजारांची. दोन हजार माणसे पाच वर्षे जगली म्हणजे दहा हजार मनुष्य-वर्षे झाली, आणि दहा हजार मनुष्य-वर्षांत तीन नवे रुग्ण म्हणजे लाखाला वर्षाकाठी तीस. हा आमच्या गावाचा दर आहे असे मी कोठेही लिहिणार नाही, कारण तीन हा आकडा इतका लहान आहे की एखाद्या विसरलेल्या नावाने तो एकदम तिसऱ्या हिश्श्याने वाढेल. परंतु सातांचे तीन कसे झाले, हे मला महत्त्वाचे वाटते. करमाळ्याची लेक आणि पिंपरीचे गृहस्थ यांना आम्ही वगळले, कारण ज्या दोन हजारांनी आम्ही भागत होतो त्यांत ते नव्हते. भागाकारात वर ज्यांना मोजायचे ते सगळे खालच्या संख्येतील असलेच पाहिजेत. हा नियम सांगायला सोपा आहे आणि पाळायला अतिशय कठीण. कॅन्सरची नोंदणी करणाऱ्यांनी म्हणूनच ठरवून घेतलेले असते, की त्या भागात किमान वर्षभर राहत असलेलाच रुग्ण त्या भागाचा धरायचा. गावाकडून उपचारासाठी मुंबईला गेलेला रुग्ण मुंबईचा होत नाही. तो आमचाच राहतो, आणि त्याला मुंबईच्या रुग्णालयातून शोधून आमच्या यादीत आणावे लागते.

ऑपरेशन झालेल्या आजींना वगळताना आबांना जरा वाईट वाटले. त्यांनाही कॅन्सर झालाच होता, हे त्यांचे म्हणणे खरे होते. येथे दोन वेगळी मोजमापे आहेत आणि वर्तमानपत्रेसुद्धा त्यांची नित्य गल्लत करतात. ठरावीक काळात किती जणांना नव्याने आजार झाला, त्याला इन्सिडन्स म्हणतात. ठरावीक दिवशी किती माणसे तो आजार घेऊन जगत आहेत, त्याला प्रिव्हॅलन्स. आबांना मी आडाचे उदाहरण दिले. झऱ्यातून तासाला किती पाणी येते ही एक गोष्ट आणि आत्ता आडात किती पाणी आहे ही दुसरी. उपसा कमी झाला तर झरा तेवढाच असूनही आड भरत जातो. उपचार सुधारले, माणसे जास्त वर्षे जगू लागली, तर गावात कॅन्सर झालेली माणसे जास्त दिसतील आणि ती आनंदाची बाब असेल. आजींसारखी माणसे वाढावीत असेच मला वाटते. परंतु वाढ झाली का, हे पाहायचे तर झरा मोजायला हवा.

आबांच्या यादीत नसलेले एक नाव मी घेतले. आमची आत्या १९८३ साली वारली. तिला पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून जाऊ लागले होते, कंबर धरली होती, आणि शेवटी शेवटी तिच्या खोलीत जायला माणसे टाळत असत. तिला कोणत्याही डॉक्टरने त्या दृष्टीने तपासले नाही. मी आता शिकलेली असल्यामुळे मला वाटते, की तो गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर असावा. त्या वेळी घरात 'बाहेरचं काहीतरी' आणि 'पोटात गाठ' असे दोनच शब्द होते. पुढे मी तिच्या मृत्यूची नोंद मुद्दाम काढून पाहिली. कारणाच्या रकान्यात 'आजार' एवढेच लिहिले होते. आबांच्या पिढीला कॅन्सर वाढल्यासारखा वाटतो, त्यात आत्यासारख्या बायकांचा मोठा वाटा आहे असे माझे मत आहे. त्या पूर्वीही मरत होत्याच, फक्त त्यांच्या मरणाला नाव नव्हते.

आमच्या भागापुरती एक विलक्षण गोष्ट अशी, की आत्या गेल्यानंतर चारच वर्षांनी, १९८७ साली, ग्रामीण भागातील कॅन्सर मोजण्याचे भारतातील पहिले काम शेजारच्या बार्शीत सुरू झाले. देशातील पहिली लोकसंख्याधारित कॅन्सर नोंदणी डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर सोसायटीने मुंबईत १९६३ साली सुरू केली होती, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८०च्या दशकाच्या आरंभी मुंबई, बंगळूर आणि मद्रास अशा शहरांतून उभा राहिला होता. म्हणजे ज्या देशातील बहुसंख्य लोक खेड्यांत राहत होते त्या देशाचे कॅन्सरचे आकडे शहरांतून येत होते. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे घेतली. आमचा तालुका त्यांत होता, याचे मला आजही अप्रूप वाटते.

शहरातील पद्धत गावात चालली नसती, आणि ती का चालली नसती यातच या सगळ्या विषयाचे मर्म आहे. मुंबईत नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयांत, प्रयोगशाळांत आणि महापालिकेच्या मृत्युनोंदणी कार्यालयात जातात आणि तेथील कागदपत्रांतून रुग्ण गोळा करतात. ही पद्धत गृहीत धरते की कॅन्सर झालेला माणूस कधी ना कधी रुग्णालयाच्या दारात येतोच. १९८७ साली परंडा तालुक्यातील वस्तीवर राहणारी बाई रुग्णालयाच्या दारात येत नव्हती. दारात बसून मोजले असते तर दर अत्यंत कमी आला असता, आणि गावात कॅन्सर नाहीच असा निष्कर्ष निघून त्या निष्कर्षावर पुढची वीस वर्षे काढता आली असती.

म्हणून बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरायला सुरुवात केली. गावातील जाणत्या माणसांशी ओळखी वाढवल्या; सरपंच, पोलीस पाटील, शिक्षक, सुईण अशा लोकांना लक्षणे समजावून सांगितली. न दुखणारी स्तनातील गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून जाणे, तोंडातील न भरणारी जखम, घास अडकणे. अशी लक्षणे असलेल्या माणसाला शोधायचे, समजूत घालून बार्शीला तपासणीसाठी न्यायचे आणि निदान झाले तर मग नोंद करायची. मोजणी करणारा माणूस येथे कागद भरणारा कारकून राहिला नाही. ज्यांना मोजायचे त्यांना आधी दवाखान्यापर्यंत आणावे लागले, आणि ज्यांना आणले त्यांचे उपचारही सुरू झाले. पुढील काही वर्षांत या भागातील बायका गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या अवस्थेत निदानासाठी येऊ लागल्या, हे कस्तुरी जयंत, डॉ. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या निबंधांत नोंदवलेले आहे. मोठी यंत्रे नसताना, केवळ गावात जाऊन बोलल्याने हे घडले.

रुग्ण सापडले तरी काम अर्धेच होते, कारण भागाकाराची खालची संख्याही लागते. ती जनगणनेतून घ्यायची आणि दोन जनगणनांमधील वर्षांसाठी अंदाज करायचा, ही रीत आहे. २०११ नंतरची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, त्यामुळे आज देशातील प्रत्येक नोंदणी जुन्या आकड्यावर अंदाजांचे मजले चढवत आहे. आमच्याकडे तर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीनंतर गाव सोडतात ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतील कित्येक वस्त्या अर्धे वर्ष निम्म्या रिकाम्या असतात. ही माणसे मोजायची कोठे, हा प्रश्न कागदावर सोडवता येतो. ती आजारी पडल्यावर कर्नाटकातील एखाद्या कारखान्याच्या फडावर असतील तर शोधायची कशी, हा प्रश्न कागदावर सुटत नाही.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबाबत खालच्या संख्येत आणखी एक खाच आहे, आणि ती बीडने सगळ्या देशाला दाखवून दिली. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीसमोर जी माहिती आली तीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरांत जवळजवळ सतरा. पाळीमुळे कामावर खाडा पडू नये, मुकादमाचा दंड बसू नये, अंगावरून पांढरे जाते म्हणून कॅन्सर होईल अशी घातलेली भीती, अशा कारणांनी तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. या प्रकाराबद्दल मला जो संताप वाटतो तो येथे बाजूला ठेवते आणि फक्त मोजणीबद्दल लिहिते. ज्या स्त्रीची गर्भपिशवी तोंडासकट काढलेली आहे तिला त्या तोंडाचा कॅन्सर होऊ शकत नाही. समजा एका लाख स्त्रियांत वर्षाला पंधरा रुग्ण सापडले, तर दर लाखाला पंधरा. परंतु त्या लाखातील सतरा हजारांना पिशवीच नसेल, तर धोका असलेल्या स्त्रिया ८३ हजार, आणि खरा दर लाखाला अठरा. तीन रुग्णांचा हा फरक आकडेवारीत 'कॅन्सर कमी आहे' असा दिसेल, आणि त्यामागचे कारण ऑपरेशनच्या टेबलावर असेल.

वयाचा प्रश्न याहून सर्वत्र लागू होणारा आहे. कॅन्सर प्रामुख्याने उतारवयातील आजार आहे, आणि आमच्या गावातील तरुण पोरे पुण्याला गेलेली असल्यामुळे मागे राहिली ती बहुतांशी पन्नाशीच्या पुढची माणसे. समजा शहरात आणि गावात पन्नाशीखालील माणसांत लाखाला वीस आणि पन्नाशीपुढे लाखाला दोनशे असा अगदी सारखाच दर आहे. शहरात शंभरांत वीस माणसे पन्नाशीपुढची असतील तर शहराचा एकूण दर लाखाला ५६ येईल. गावात ती तीस असतील तर गावाचा ७४ येईल. दोन्हीकडे धोका तंतोतंत सारखा असूनही गाव जास्त आजारी दिसेल. म्हणूनच दोन ठिकाणांची तुलना करताना दोन्हीकडची वयोरचना एकाच ठरावीक साच्याची आहे असे धरून दर नव्याने काढतात. या वय-समायोजित दराशिवाय केलेली तुलना मी विद्यार्थ्यांना वहीतून खोडायला लावते.

अर्थात त्यासाठी वय ठाऊक असावे लागते. आमच्याकडील म्हाताऱ्या माणसांना वय विचारले तर पन्नास, साठ, सत्तर असे पूर्णांक मिळतात, आणि जनगणनेतही शून्य व पाचावर संपणाऱ्या वयांवर अशीच गर्दी होते. मी स्वतः पूर्वी एका पाहणीसाठी परंड्याच्या बाजूला फिरले आहे. तेथे वय विचारण्याऐवजी आम्ही बहात्तरचा दुष्काळ विचारत असू. दुष्काळात खडी फोडायला गेला होता का, तेव्हा लग्न झाले होते का, पदरी किती लेकरे होती? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा नातू चालत होता का? एका आजींनी दुष्काळी कामावरच्या सुकडीची चव सांगता सांगता स्वतःचे वय आम्हाला दोन वर्षांच्या फरकाने अचूक काढून दिले. पाहणीच्या अहवालात त्यांच्या नावापुढे फक्त एक संख्या आली, परंतु ती संख्या बनायला अर्धा तास लागला होता.

आता आबांच्या प्रश्नाकडे येते. राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाचा अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात देशभरातील २८ नोंदणी केंद्रांची तुलना आहे. पुरुषांमधील वय-समायोजित दर सर्वांत जास्त मिझोराममधील ऐझॉल जिल्ह्यात, लाखाला २६९.४, स्त्रियांमधील सर्वांत जास्त अरुणाचल प्रदेशातील पापुम पारे येथे, लाखाला २१९.८. आणि सर्वांत कमी कोठे? उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आणि बीड या दोन जिल्ह्यांच्या मिळून असलेल्या नोंदणीत: पुरुषांत ३९.५, स्त्रियांत ४९.४. ज्या जिल्ह्यात आबा घरटी एक माणूस म्हणतात, तो जिल्हा अहवालात देशात सर्वांत खाली आहे.

आबा चुकले आणि अहवाल बरोबर, असे म्हणून मला हा विषय संपवता येत नाही. उलटही म्हणता येत नाही. लाखाला चाळीस-पन्नास हा दर धरला तर दोन हजार वस्तीच्या गावात वर्षाला साधारण एक नवा रुग्ण येतो. आबांची भावकी, सोयरीक, बाजारहाट मिळून पंधरा गावांशी त्यांचा रोजचा संबंध आहे. म्हणजे देशातील सर्वांत कमी दर असूनही आबांच्या कानावर वर्षाला बारा-पंधरा, महिन्याला किमान एक, कॅन्सरची बातमी येणार. पूर्वी मोबाइल नव्हते आणि निदानही नव्हते, तेव्हा ती येत नसे. आबांना जे जाणवते ते खरे आहे आणि अहवालातील आकडाही त्याच्याशी विसंगत नाही.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, जी कळायला मला स्वतःला बरीच वर्षे लागली. वर्षाला सरासरी एक रुग्ण येणाऱ्या गावात केवळ योगायोगाने एखाद्या वर्षी तीन किंवा अधिक रुग्ण येण्याची शक्यता सुमारे आठ टक्के असते. एका गावासाठी आठ टक्के थोडे वाटतात; परंतु बार्शीच्या नोंदणीसारखी ३४६ गावे घेतली आणि सगळीकडे सरासरी एकच धरली, तर दर वर्षी सत्तावीस-अठ्ठावीस गावांत तीन किंवा त्याहून अधिक रुग्ण निघतील, आणि त्यांतील प्रत्येक गावाला वाटेल की आपल्या विहिरीत काहीतरी आहे. विहिरीत कधीच काही नसते असे मला म्हणायचे नाही. तपासण्याआधी पाचसहा वर्षांचे आणि आजूबाजूच्या गावांचे आकडे हाती असावेत, एवढाच माझा आग्रह आहे, आणि असे आकडे नोंदणीशिवाय कोठूनही मिळत नाहीत.

तरीही ३९.५ आणि ४९.४ हे दर खरोखर इतके कमी आहेत का? माझे मत असे, की काही भाग खरा आहे आणि काही भाग न सापडलेल्यांचा आहे. तंबाखूचे प्रमाण, आहार, मुले होण्याचे वय अशा अनेक बाबतींत आमचा भाग ऐझॉलपेक्षा आणि मुंबईपेक्षा वेगळा आहे. ईशान्येत तंबाखू ज्या प्रमाणात ओढला आणि खाल्ला जातो त्याचा परिणाम तेथील आकड्यांत दिसतोच. त्याबरोबरच घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'आता कशाला त्रास' म्हणून तपासणीलाच न नेण्याची रीत आमच्याकडे अजून आहे. ज्याचे निदानच झाले नाही तो कोणत्याही नोंदणीत येत नाही. बार्शीसारखे गावात जाऊन शोधणारे काम असूनही हे घडते, तर जेथे कोणीच जात नाही तेथील शांततेचा अर्थ मला लावता येत नाही.

शोधल्याने आकडा कसा बदलतो, याचा सर्वांत भक्कम पुरावा आमच्याच जिल्ह्यातून आला आहे. १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांवर गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबाबत एक मोठा अभ्यास झाला. गावांचे ५२ समूह करून ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे चार गटांत वाटले. एका गटातील स्त्रियांची हा कॅन्सर ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूसाठी एकदाच तपासणी केली, दुसऱ्याची पॅप स्मिअरने, म्हणजे तेथील पेशी काचेवर घेऊन, तिसऱ्याची व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी, आणि चौथ्या गटाला नेहमीच्या व्यवस्थेवर सोडले. पुढे आठ वर्षे सगळ्यांचा मागोवा घेतला. बार्शीचे रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केलेल्या या कामाचे निष्कर्ष २००९ साली आले.

एचपीव्ही गटात ३४,१२६ स्त्रिया होत्या आणि त्यांत कॅन्सरचे १२७ रुग्ण सापडले. तपासणी न केलेल्या गटात ३१,४८८ स्त्रिया आणि ११८ रुग्ण. येथेच थांबून कोणी बातमी दिली असती तर तपासणीचा काही उपयोग झाला नाही असे छापून आले असते. परंतु पसरलेल्या, पुढच्या अवस्थेतील कॅन्सर एचपीव्ही गटात ३९ होते आणि तपासणी न केलेल्या गटात ८२. मृत्यू एचपीव्ही गटात ३४, तपासणी न केलेल्यात ६४. लाखाच्या हिशेबात मांडले तर आठ वर्षांत एकीकडे सुमारे शंभर आणि दुसरीकडे सुमारे दोनशे. नव्या रुग्णांचा आकडा दोन्हीकडे जवळपास सारखा, आणि मरण निम्मे. लवकर निदान झाले की निदानानंतरचा काळ कागदावर आपोआप लांबतो, रुग्ण एक दिवसही जास्त जगला नसला तरी. म्हणूनच अशा अभ्यासात निदानानंतर किती वर्षे जगले हे न मोजता किती जणी वारल्या हे मोजावे लागते. त्यासाठी गावागावांतील प्रत्येक मृत्यूचे कारण ठाऊक असावे लागते. आत्याच्या नोंदीतील 'आजार' या शब्दावर असा अभ्यास उभा राहिला नसता.

चौथ्या गटातील स्त्रियांची तपासणी न करता त्यांना नुसते पाहत राहणे योग्य होते का, यावर नंतर मोठा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्या वेळी देशात कोठेच सार्वत्रिक तपासणी नव्हती, म्हणून कोणाचे काही काढून घेतले नाही, हा युक्तिवाद मला समजतो. परंतु त्या ६४ जणी आमच्या जिल्ह्यातील होत्या, आणि वर्गात हे कोष्टक फळ्यावर लिहिताना त्या आकड्याशी माझा हात दर वेळी थांबतो.

मागच्या महिन्यात आबांना फोन करून मी माझे उत्तर सांगितले. म्हटले, आपल्या जिल्ह्यातील दर देशात कमी नोंदला गेला आहे. तरी तो पूर्वीपेक्षा जास्त वाटतो, कारण आता निदान होते, माणसे जास्त जगतात आणि बातम्या पोचतात. स्तनाचा कॅन्सर मात्र खरोखर वाढत असावा, कारण देशातील बहुतेक नोंदणींत तो वाढताना दिसतो आहे. आबांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, ती एकदाच करायची तपासणी कोणती म्हणालीस, आणि गावातल्या बायकांची करायची तर कुणाला भेटायचं? आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना भेटायला मी पुढच्या शनिवारी गावी जाणार आहे. आबांनी तोवर तीस ते साठ वयाच्या बायकांची घरनिहाय यादी करायला घेतली आहे, आणि ऊसतोडीला गेलेल्या घरांपुढे खूण करून ठेवायला मी त्यांना सांगितले आहे.